शिवणीतली माया

गिऱ्हाइकाच्या कमरेला टेप गुंडाळला की मास्तरांच्या ओठाचा डावा कोपरा आपोआप खाली जायचा. समोरचा माणूस हमखास श्वास आत ओढून घ्यायचा आणि आरशात स्वतःकडे कौतुकानं बघायचा. मास्तर टेप तसाच धरून वाट बघत. मग म्हणत, "सोडा, साहेब, सोडा. पँट काय श्वास रोखून घालणार आहात?" साहेब ओशाळून श्वास सोडत, पोट टेपवर येऊन बसे, आणि मास्तर आकडा वाचून नुसतं "हं" म्हणत. त्या एका "हं"मध्ये जेवढी तुच्छता असे तेवढ्यासाठी दुसऱ्याला चार शिव्या खर्चाव्या लागल्या असत्या.

दुकान म्हणजे दोन इमारतींमधली एक अरुंद खोली. पुढे काउंटर, मागे इस्त्रीचं टेबल, बाजूला माणूसभर उंचीचा आरसा आणि वर खिळ्यांना लटकणारे खाकी कागदाचे नमुने. मास्तर हे शिंपी, शाळेतले मास्तर नव्हेत. पण लोकांना अक्कल शिकवायची खोड तीच. जगातल्या झाडून सगळ्या माणसांबद्दल त्यांचं मत वाईट होतं. लठ्ठ माणूस आला की फार कापड खातो म्हणून चिडायचे, आणि बारीक आला की हँगरला कपडे शिवायला माझी काय गरज म्हणून कुरकुरायचे. तयार कपडे घेणाऱ्यांना तर ते माणसांत धरतच नसत.

पण त्यांचं खरं शास्त्र मायेचं. कपडा बेतताना शिंपी शिवणीच्या आत थोडं जास्तीचं कापड ठेवतो, उद्या अंग सुटलं तर उसवून सैल करता यावं म्हणून. त्या कापडाला माया म्हणतात. बाकीचे शिंपी सगळ्यांना सारखीच माया ठेवतात. मास्तर गिऱ्हाइकाच्या बापाची चौकशी करून ठेवत. "वडील कसे होते अंगानं?" "चांगले भरलेले होते." "मग बोटभर जास्त ठेवतो. चाळिशीला लागेल." आणि पुष्कळदा ती लागायची. गिऱ्हाईक काही वर्षांनी तीच पँट काखेत मारून लाजत लाजत यायचं, तेव्हा मास्तरांना जन्माचं सार्थक झाल्यासारखं वाटायचं. "रक्तात असतं ते चुकत नाही," ते म्हणायचे. "आज ना उद्या शिवणीपर्यंत येतंच."

आता हे रक्ताचं तत्त्वज्ञान त्यांनी काही गिऱ्हाइकांसाठी शोधलेलं नव्हतं. स्वतःच्या जिभेसाठी शोधलं होतं. आजोबांना साखरेचा आजार, वडिलांनाही तोच. वडीलसुद्धा शिंपीच, मशीन चालवता चालवता पायाच्या अंगठ्याला जखम झाली ती त्यांना कळलीच नाही, आणि शेवटी पाय घोट्यापासून काढावा लागला. पुढे मास्तरांनाही साखर निघाली. दुसरा कुणी असता तर तोंडचं पाणी पळालं असतं. मास्तरांनी मात्र सुटल्यासारखा श्वास सोडला. "आली! यायचीच होती. रक्तातच आहे म्हटल्यावर आता तोंड बांधून काय उपयोग?" आळशी माणसाला डॉक्टरनं सक्तीची विश्रांती सांगावी, तसा तो आजार त्यांना मानवला. गोळी अर्धी, तीही आठवली तर, आणि चहात साखर पूर्ण. दुपारी चहाला कोपऱ्यावरच्या बेकरीतले क्रीमरोल असायचेच. जेवणात पांढरा पाव आणि तळलेले बटाटे. ताटात कधी हिरवं पान दिसलंच तर ते असं बाजूला सारत की जणू कुणी चुकून त्यांच्या ताटात टाकलं होतं.

स्वतःच्या पँटीला ते सगळ्यांत जास्त माया ठेवायचे. दर काही महिन्यांनी दुकानाचा पडदा ओढून स्वतःच उसवायचे, स्वतःच सैल करायचे, आणि टेप मात्र कधीच लावायचे नाहीत. गावाची कंबर मोजणाऱ्या या गृहस्थाला स्वतःची कंबर किती हे ठाऊक नव्हतं. अलीकडे पायाला मशीनचा पायटा लागतो की नाही तेही कळेनासं झालं, तेव्हा त्यांनी मशीनला मोटर बसवून घेतली आणि जमान्याबरोबर चाललं पाहिजे असं चारचौघांत सांगितलं. वडिलांचा तो पाय ज्यानं डोळ्यांनी पाहिला होता, त्यानं हे बोलावं. पण माणूस निमित्त शोधायला बसला की त्याला पायसुद्धा दिसत नाही.

या सगळ्या शास्त्राला एकच भोक होतं, आणि ते भोक रोज सकाळी सायकलवरून दुकानापुढून जायचं.

ते म्हणजे मास्तरांचा जुळा भाऊ. पोस्टात टपाल वाटायचं काम. मास्तरांच्या मागून पाव तासानं जन्मला, म्हणून जन्मभर धाकटा. लहानपणी दोघांना आईसुद्धा कधीकधी फसायची. वडील तर कपडे शिवताना एकालाच समोर उभं करायचे, त्याचं माप घ्यायचे आणि एकाच कागदावरून दोघांचं कापायचे. "एक मोजला की दोन्ही मोजले," असं म्हणायचे. दोघं तरणे झाल्यावरचा तसला शेवटचा कागद अजून दुकानातल्या सगळ्यांत वरच्या खिळ्याला होता, कडा कुरतडलेला, पिवळा पडलेला.

वडिलांचा पाय काढला त्या दिवशी दोघंही दवाखान्यात होते. एकानं तो पाय बघून ठरवलं, जे यायचं ते येणारच, तर निदान खाऊन घेऊ. दुसऱ्यानं ठरवलं, येऊ घातलंय तर आपण हातानं बोलवायला नको. तेव्हापासून धाकट्याच्या घरी डाळी, पालेभाज्या, मोड आलेली कडधान्यं, अंडी, मूठभर दाणे आणि गोड कधीतरी चवीपुरतं. मास्तर त्याला ढोरांचा चारा म्हणत. सकाळी सायकल दिसली की आतून ओरडत, "काय रे, चरून आलास का?" धाकटा घंटी वाजवायचा आणि पुढे जायचा. त्याची साखरही काठावर होती. रक्त त्याचंही तेच. पण ती वर्षानुवर्षं काठावरच बसून होती, आत उतरायचं नाव घेत नव्हती. "निघेल, निघेल," मास्तर म्हणत. "जाते कुठं?" सख्ख्या भावाच्या आजाराची इतकी चिकाटीनं वाट पाहणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही.

मास्तरांना एकच मुलगी. लग्न करून जवळच्याच गल्लीत दिलेली, आणि दुपारी दुकानात काजं-बटणांना येणारी. तिच्या बाबतीत मात्र या खवट माणसाची जीभ गोड व्हायची. ती शाळेतून यायची तेव्हापासूनचा रिवाज होता, चहाच्या वेळी दोन क्रीमरोल यायचे, एक बापाचा आणि एक लेकीचा. परीक्षेत नापास झाली तर क्रीमरोल, पास झाली तरी क्रीमरोल. मास्तरांना प्रेम करायची दुसरी रीतच माहीत नव्हती. पोर गुटगुटीत झाली तेव्हा ते अभिमानानं म्हणाले, "आमचंच रक्त." ती ऐकत मोठी झाली, आणि लहान मुलं जे ऐकतात ते पोटात घेतातच.

लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी तिला दिवस राहिले. सगळं घर हरखलं. आणि तपासणीत साखर निघाली.

नवरा कामावर, म्हणून आहाराच्या बाईंकडे मास्तरच तिला घेऊन गेले. दवाखान्यात तळमजल्यावरची खोली, भिंतीवर फळांची चित्रं, टेबलावर रबराचं खोटं गाजर. बाई तरुण होत्या आणि काडीसारख्या बारीक. मास्तरांनी खुर्चीत बसायच्या आधीच निकाल लावला, की हिच्या अंगाला शिवायचं काय आणि हिचं ऐकायचं काय.

बाईंनी काय खायचं ते समजावून सांगितलं. मुलगी हसली. "बाई, आमच्याकडे हे रक्तातच आहे. पणजोबांपासून."

"असेल ना," बाई म्हणाल्या. "पण रक्तात आहे म्हणजे सगळं चालूच आहे असं नसतं. आईबापाकडून जनुकं येतात ती येतात, ती बदलता येत नाहीत. त्यातलं कुठलं जोरात चालायचं आणि कुठलं गप्प बसायचं, हे मात्र शरीर सारखं ठरवत असतं. त्यात खाण्याचा हात असतो. पालेभाज्या, डाळी, अंडी यातून जे मिळतं, त्यातूनच शरीर बारीक बारीक खुणा बनवतं आणि जनुकांवर लावतं. खूण लागली की बहुतेक वेळा ते जनुक गप्प बसतं. आणि बाळाच्या अंगातल्या खुणा आत्ता लागतायत. तुमच्या पोटात. तुमची साखर सारखी चढलेली राहिली, तर त्याला मोठेपणी हाच त्रास व्हायची शक्यता वाढते."

"म्हणजे हिनं पालेभाजी खाल्ली की बाळाला काही होणार नाही, अशी खात्री देता?" मास्तरांनी टेप आवळल्यासारखा प्रश्न टाकला.

"खात्री नाही देत. झोप असते, चालणं असतं, काळजी असते, नशीबही असतं. ताट तेवढं आपल्या हातात असतं."

"हं," मास्तर म्हणाले.

बाहेर आल्यावर मुलगी म्हणाली, "चला, बाबा. आपलं रक्त हिला काय कळणार?" आणि तिच्या ओठाचा डावा कोपरा खाली गेला. मास्तरांनी तो पाहिला. स्वतःचाच ओठ लेकीच्या तोंडावर बघून त्यांना काहीतरी टोचलं, पण काय ते कळलं नाही, आणि न कळलेल्या गोष्टीचा विचार करायची त्यांना सवय नव्हती. त्या दिवशीही चहाला दोन क्रीमरोल आले.

त्याच सुमारास धाकटा पोस्टातून निवृत्त व्हायचा होता. निरोपाच्या समारंभाला मास्तरांनी त्याला कोट शिवून द्यायचं ठरवलं. यात भावावरची माया किती आणि पोस्टातल्या लोकांनी आपलं काम बघावं ही हौस किती, ते सोडून द्या. त्यांनी वरच्या खिळ्यावरचा जुना कागद काढला, झटकला, आणि मग भावाला माप द्यायला बोलवायचं सोडून स्वतःच्याच जुन्या कोटाच्या अंदाजानं कागद चहूबाजूंनी वाढवला. वर आणखी माया ठेवली. एक मोजला की दोन्ही मोजले! धाकट्याला ते रोज सायकलवर बघत होते, आणि तरीही त्यांच्या हातानं हे केलं. दुसऱ्या शिंप्याच्या हातून ही चूक झालीच नसती. त्यासाठी जुळा भाऊ आणि एवढी घमेंड, दोन्ही लागतात.

ट्रायलला धाकटा आला. मुलगी स्टुलावर बसून काजं करत होती. धाकट्यानं कोट अंगात घातला आणि आरशासमोर उभा राहिला. खांदे बरोबर बसले, बाह्या बरोबर बसल्या, कारण हाडं एकाच कागदाची होती. पण पोटावर तो कोट असा लोंबत होता की आत आणखी एक माणूस सहज राहिला असता. मास्तर मागे उभे होते. आरशात दोघं शेजारी शेजारी दिसत होते, एकच कपाळ, एकच नाक, एकच कान. आणि मानेखाली दोन वेगळी घराणी.

धाकटा हसू दाबत म्हणाला, "दादा, हा तुझा आहे का?"

मुलगी हसली नाही. तिनं सुई कापडात टोचून ठेवली.

"काका, तुमचं आणि बाबांचं रक्त एकच ना?"

"एकच की. टपाल एकच आलं, पाकिटं दोन निघाली."

"मग?"

मास्तर पुढे झाले. "अगं, त्याची रोजची पायपीट. सायकल. शिवाय त्याला पहिल्यापासून भूकच कमी."

"काही कमी नव्हती," धाकटा म्हणाला. "तू क्रीमरोल खाल्लेस, मी नाही खाल्ले. यात रक्ताला कशाला गोवतोस?"

मुलगी उठून उभी राहिली. तिचा हात पोटावर गेला होता. "लहानपणापासून सांगताय तुम्ही मला," ती बापाला म्हणाली. "आपल्यात आहे, आपल्याला होणारच, कशाला जीव मारायचा. मी त्या बाईंना हसले, बाबा. तुमच्यासारखी हसले. आणि हे कुणी सांगितलं नाही मला, की तुमच्याच बरोबर जन्मलेला माणूस समोरून रोज सायकल मारत जातो?"

"तुला दिसत होता की," मास्तर म्हणाले. याहून नीच उत्तर त्या क्षणी शोधून सापडलं नसतं, पण त्यांना ते पटकन सापडलं.

मुलगी रडली नाही. ती टेबलापाशी आली आणि शांतपणे म्हणाली, "ठीक आहे. आजपासून मी नेम केला. तुम्ही जे खाल ते मी खाणार. घास घास. तुम्हाला वाटतंय ना रक्तातच आहे? मग काही बिघडणार नाही."

धाकट्यानं कोट काढून टेबलावर ठेवला आणि निघून गेला. मास्तरांना वाटलं, पोरीचा राग आहे, दोन दिवसांत उतरेल. पण ती त्यांचीच पोरगी. हट्ट काही पालेभाजीनं उतरणारा नव्हता.

पुढचे काही दिवस मास्तरांनी सोंग आणलं. तिच्यासमोर डाळ खाल्ली, भाजी खाल्ली, बिनसाखरेचा चहा तोंड वाकडं करून घेतला. तीही तेच खात होती, आणि तिची साखर उतरत होती. मास्तर उपाशी माणसासारखे सगळ्यांवर ओरडत. एका नवरदेवाच्या कोटाची बाही उलटी लावली आणि वर त्यालाच म्हणाले की तुझा हात वाकडा आहे. मोठी मोठी माणसं देशासाठी उपास करतात. हा माणूस नातवंडासाठी एक क्रीमरोल सोडताना जगावर उपकार करत होता.

आणि एवढं करूनही व्हायचं तेच झालं. एका दुपारी मुलगी यायला उशीर झाला. बेकरीवरून वास आला. मास्तरांनी जाऊन दोन क्रीमरोल आणले, एक इस्त्रीच्या टेबलामागे उभ्या उभ्या संपवला आणि दुसरा पुडीत गुंडाळून अस्तराच्या कापडाखाली सारला. मुलगी आत आली. बापाच्या मिशीला क्रीम लागलेलं होतं.

तिनं अस्तर उचललं, पुडी काढली, सोडली आणि क्रीमरोल तोंडाजवळ नेला. रागानं नाही, ठरल्याप्रमाणे. तिचे डोळे बापावर होते.

मास्तरांनी काउंटर ओलांडला कसा, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. त्यांनी तिच्या मनगटावर फटका मारला. क्रीमरोल उडाला, आरशावर आपटला आणि खाली पडला. काचेवरून क्रीम ओघळत होतं. जन्मात पहिल्यांदा या बापानं लेकीच्या तोंडचा घास काढून घेतला होता, आणि जन्मात पहिल्यांदा तिच्यासाठी काही धड केलं होतं.

"रक्तात नाहीये," ते धापा टाकत म्हणाले. "म्हणजे, आहे. पण एवढं नाहीये. मलाच खायचं होतं. मला खायचं होतं म्हणून मी रक्त रक्त करत होतो. तू नको खाऊस. तू नको."

मुलगी मनगट चोळत उभी होती. तिला लागलं होतं. बापाला कुशीत घ्यावं असं तिला अजिबात वाटलं नाही, आणि वाटावं असं त्या मिशीत काही नव्हतंही. तिनं खिळ्यावरचा टेप काढला.

"हात वर करा."

"कशाला?"

"नवी पँट बेतायची आहे ना तुमची? कापड कधीचं पडलंय."

मास्तरांनी हात वर केले. टेप कमरेभोवती आला, आणि त्यांनी नकळत श्वास आत ओढून घेतला. छाती पुढे आली, पोट मागे गेलं, नजर आरशाकडे वळली. क्रीमच्या ओघळाआडून त्यांना तिथं एक म्हातारं गिऱ्हाईक दिसलं.

मुलगी टेप धरून थांबली होती.

"सोडा, बाबा, सोडा," ती म्हणाली. "पँट काय श्वास रोखून घालणार आहात?"

मास्तरांनी श्वास सोडला. पोट टेपवर येऊन बसलं. तिनं आकडा वाचला आणि म्हणाली, "हं."

मग खडू उचलून, कापडावर वाकून, तिनं पाठमोरीच विचारलं, "माया किती ठेवू?"

बाहेरून सायकलची घंटी ऐकू आली. धाकटा लहान केलेला कोट न्यायला आला होता.

"ठेवूच नकोस," मास्तर म्हणाले.